हीटिंगचा व्हॉल्व्ह खरंच गेलाय का? नवीन पार्ट मागवण्याआधी कुठल्या क्रमाने तपासायचं

यूकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींचं दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला हेच सुरू होतं. थंडी पडायला लागते, सहा महिने बंद असलेलं हीटिंग पहिल्यांदा लावतात आणि रेडिएटर गारच. किंवा उलटं, हीटिंग बंद आहे, फक्त गरम पाणी लावलंय तरी बेडरूमचे रेडिएटर तापतायत. मग कुणीतरी सांगतं व्हॉल्व्ह गेला असेल, लगेच ऑनलाइन व्हॉल्व्ह मागवला जातो, बसवला जातो, आणि बऱ्याचदा प्रॉब्लेम आहे तिथेच राहतो. कारण बिघाड व्हॉल्व्हमध्ये नव्हताच, किंवा होता पण ज्या भागात होता तो भाग बदललाच नाही.

आधी ही साखळी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावर चालतं. रूम थर्मोस्टॅट म्हणतो "उष्णता हवी", त्या मागणीची वीज व्हॉल्व्हच्या मोटरला जाते, मोटर व्हॉल्व्ह उघडते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्याच्या हेडमधला छोटा मायक्रोस्विच दाबला जातो, आणि तो स्विच बॉयलरला आणि पंपाला चालू व्हायला सांगतो. म्हणजे बॉयलर ठणठणीत असला तरी व्हॉल्व्ह उघडला नाही तर तो पेटणारच नाही, आणि घरातल्यांना वाटतं बॉयलर मेला. म्हणून तपासायचं ते याच क्रमाने: मागणी, हालचाल, स्विच, बॉयलर. मधली पायरी गाळली की पैसे वाया.

हात लावण्याआधी

गॅसचा वास आला तर हा लेख बाजूला ठेवा, खिडक्या उघडा, कुठलाही स्विच चालू-बंद करू नका, मीटरजवळचा गॅस बंद करा आणि बाहेर पडून ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

बॉयलरचं कव्हर उघडायचं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये ते कव्हर म्हणजे नुसती सजावट नसते, आतली ज्वलनाची जागा हवाबंद ठेवणारा भाग असतो. ते काम गॅस सेफ रजिस्टर्ड (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या) इंजिनिअरचं, आणि दारात आल्यावर त्याचं कार्ड मागून बघायचं, मागच्या बाजूला त्याला कुठल्या कामांची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. आपण या लेखात जे करणार आहोत ते बॉयलरच्या बाहेर, पाईपवर बसवलेल्या व्हॉल्व्हबद्दल.

भाड्याच्या घरात असाल तर पायरी ४ पर्यंत बघा आणि थांबा, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तुम्ही उघडून काही बिघडलं तर उगाच वाद तुमच्या गळ्यात येईल.

सावधान: टू-पोर्ट (एक पाईप आत, एक बाहेर असलेल्या) व्हॉल्व्हच्या वायरींमधली राखाडी वायर कायम लाइव्ह असते. टायमर बंद, थर्मोस्टॅट बंद, घरात सगळं शांत, तरी त्या वायरीत २३० व्होल्ट असतात. "हीटिंग बंद केलंय की" म्हणून कव्हर काढणारे इथेच शॉक खातात.

१. घरात कुठली सिस्टीम आहे ते ओळखा

एअरिंग कबर्डमध्ये किंवा कुठल्या तरी कपाटात गरम पाण्याचं मोठं सिलिंडर आहे का? नसेल आणि बॉयलर थेट नळाला गरम पाणी देत असेल तर तुमच्याकडे कॉम्बी आहे, पायरी ८ वर जा. एवढंच की पायरी २ त्याआधी वाचा, ती सगळ्यांसाठी आहे.

सिलिंडर असेल तर त्याच्या आसपास पाईपवर बसवलेले हाताच्या मुठीएवढे चौकोनी डबे शोधा, त्यातून एक केबल बाहेर आलेली असते आणि बाजूला छोटा लिव्हर असतो. तो डबा म्हणजे व्हॉल्व्हचं हेड, खालचा पितळी भाग म्हणजे बॉडी. असे दोन डबे असतील आणि प्रत्येकाला एक पाईप आत, एक बाहेर असेल (म्हणजे टू-पोर्ट) तर तो एस प्लॅन: एक व्हॉल्व्ह हीटिंगचा, एक गरम पाण्याचा. एकच डबा असेल आणि त्याला तीन पाईप असतील (म्हणजे थ्री-पोर्ट) तर तो वाय प्लॅन. त्या तीन तोंडांवर एबी, ए आणि बी अशी अक्षरं कोरलेली असतात, एबी मधून बॉयलरचं पाणी येतं, ए रेडिएटरकडे जातं, बी सिलिंडरकडे.

दोन डबे असतील तर कुठला कशाचा हे अंदाजाने ठरवू नका. पाईप हाताने शोधत जा, जो सिलिंडरच्या अंगाला वरच्या बाजूने शिरतो त्यावरचा गरम पाण्याचा. सापडलं की चिकटपट्टीवर लिहून लावून टाका, "हीटिंग" आणि "पाणी". पुढे फोनवर इंजिनिअरशी बोलताना याचा फार उपयोग होतो.

तपासून बघा: सिलिंडर तांब्याचं आहे आणि वर लॉफ्टमध्ये गार पाण्याची टाकी आहे, की सिलिंडर बंद पांढऱ्या आवरणाचं आहे आणि नळाला थेट मेन्सचं प्रेशर येतं? दुसऱ्या प्रकाराला अनव्हेंटेड म्हणतात. त्यात गरम पाण्याचा टू-पोर्ट व्हॉल्व्ह हा सुरक्षेचा भाग असतो, पाणी धोकादायक तापलं तर तोच उष्णता तोडतो. त्या व्हॉल्व्हला तुम्ही हात लावायचा नाही, त्यासाठी अनव्हेंटेडची जी-थ्री पात्रता असलेला माणूस बोलवायचा. हीटिंगच्या व्हॉल्व्हला ही अडचण नाही.

२. व्हॉल्व्हवर संशय घेण्याआधी

हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

प्रोग्रामरचं, म्हणजे हीटिंग आणि पाण्याच्या वेळा लावायच्या टायमरचं, घड्याळ बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, जुने प्रोग्रामर आपोआप बदलत नाहीत, मधे लाइट गेली असेल तर वेळ अजूनच भलती असते. तपासणी चालू असेपर्यंत टायमरवर अवलंबून राहूच नका, हीटिंग सरळ "ऑन" वर ठेवा. रूम स्टॅट (थर्मोस्टॅट) एकदम वर न्या, २५ च्या पुढे. वायरलेस असेल तर बॅटरी बदला, "बॅटरी दिसतेय ठीक" यावर जाऊ नका.

बॉयलरचं प्रेशर गेज बघा (सीलबंद सिस्टीम असेल, म्हणजे लॉफ्टमध्ये हीटिंगची छोटी टाकी नसेल तर). थंड असताना १ ते १.५ बारच्या दरम्यान हवं. शून्याकडे असेल तर बरेच बॉयलर चालूच होत नाहीत.

सगळे रेडिएटर गार आहेत की एकदोनच? एकदोनच असतील तर बिघाड या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये नाही, त्या रेडिएटरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची पिन अडकलेली असणार, उन्हाळाभर बंद राहिली की ती चिकटते. वरची प्लॅस्टिकची टोपी फिरवून काढा, खाली बारीक पिन दिसेल. पान्याच्या बोथट बाजूने दाबा, ती थोडी आत जाऊन स्प्रिंगने वर आली पाहिजे. अडकली असेल तर व्हॉल्व्हच्या अंगावर बाजूने हलकेच ठोका आणि परत दाबा.

सावधान: पिन पक्कडीने वर ओढू नका. ती हातात आली तर मागून गरम काळं पाणी येतं आणि कार्पेट जातं.

अजून एक गोष्ट जी लोक बिघाड समजतात: हीटिंग बंद केल्यावर काही मिनिटं पंप चालू राहतो. बॉयलरमधली उरलेली उष्णता काढायला तो मुद्दाम तसा चालवलेला असतो. तो बंद होईपर्यंत थांबा आणि मगच "बंद केलं तरी चालूच आहे" असं म्हणा.

३. लिव्हर काय सांगतो

आता खरं काम. स्क्रू उघडायचा नाही, वायरीला हात नाही, फक्त बोटाने. हीच पायरी सगळे गाळतात आणि हीच सगळ्यात जास्त माहिती देते.

आधी टू-पोर्टचं. हीटिंग प्रोग्रामरवर बंद करा, काही मिनिटं जाऊ द्या. हीटिंगच्या व्हॉल्व्हचा लिव्हर "ऑटो" कडून "मॅन" (मॅन्युअल) कडे हळूच सरकवा. व्हॉल्व्ह बंद असेल तर बोटाला स्प्रिंगचा चांगला विरोध जाणवतो, एकसारखा, आणि सोडलात की लिव्हर बारीक घरघर करत आपणहून परत येतो. हा निरोगी बंद व्हॉल्व्ह. हे एकदा बोटाला कळलं की विसरत नाही.

आता हीटिंग चालू करा, स्टॅट वर, आणि कान हेडला लावून ऐका. मोटरची बारीक गुणगुण यायला हवी, काही सेकंदांत ती थांबते, जवळपास त्याच वेळी एक टिक्क, आणि मग पंप आणि बॉयलर. आता परत लिव्हर हलवून बघा: यावेळी तो सैल असला पाहिजे, काहीच विरोध नाही, इकडून तिकडे फुकट सरकतो. म्हणजे मोटरने व्हॉल्व्ह उघडून धरलाय.

चालू करूनही लिव्हर घट्टच राहिला तर व्हॉल्व्ह उघडलेला नाही. मग हेडवर तळहात ठेवा, पण शेजारचा पाईप गरम असताना नाही, नाहीतर त्याचीच ऊब लागेल. हेड कोमट लागतंय, म्हणजे मोटरला वीज मिळतेय पण ती फिरू शकत नाही: एकतर मोटरचे आतले दाते गेलेत किंवा खालचा व्हॉल्व्ह फिरवणारा दांडा अडकलाय. हेड एकदम गार आणि आवाजही नाही, म्हणजे एकतर मोटर जळली किंवा मागणी तिथपर्यंत पोचतच नाही. या दोघांतला फरक पायरी ६ मध्ये कळेल, आत्ता ठरवू नका.

आणि बंद करूनही लिव्हर सैलच? व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, किंवा मागणी अजून चालू आहे. हीटिंगचा स्पर बंद करा, म्हणजे भिंतीवरचा फ्यूजवाला स्विच. वीज गेली की स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद व्हायलाच हवा. वीज नसतानाही लिव्हर सैल राहिला तर स्प्रिंग किंवा दांडा, नक्की. वीज घालवल्यावर बंद झाला तर व्हॉल्व्ह बरा आहे, तुमचा थर्मोस्टॅट किंवा प्रोग्रामर मागणी सोडत नाहीये.

थ्री-पोर्टचं वेगळं आहे आणि इथे फार गोंधळ होतो. वीज नसताना तो सिलिंडरकडे उघडा असतो, हीटिंग बंद. तेव्हा लिव्हर घट्ट. पाणी बंद आणि हीटिंग चालू केलं की तो पूर्ण हीटिंगकडे जातो, लिव्हर सैल. दोन्ही चालू असलं की मधोमध. पण हीटिंग चालवून झाल्यावर सगळं बंद केलंत तरी तो बऱ्याचदा हीटिंगच्याच बाजूला थांबून राहतो आणि हेड कोमट राहतं, कारण पाणी "बंद" असतानाची वीज राखाडी वायरीतून त्याला तिथे धरून ठेवते. हे त्याच्या रचनेत आहे, बिघाड नाही. मूळ जागी आणायचा असेल तर स्पर बंद करा किंवा फक्त पाणी चालू करा.

४. पाईपला हात लावून खात्री करा

लिव्हरने हालचाल कळली, पाणी खरंच जातंय का ते पाईप सांगतो. सगळं गार असताना सुरुवात करा, सकाळी सगळ्यात बरं.

फक्त गरम पाणी चालू करा, हीटिंग बंद. सिलिंडर आधीच तापलेलं असेल तर सिलिंडरचा स्टॅट मागणी करणार नाही, म्हणून थोडं गरम पाणी आधी वापरून टाका. दहाएक मिनिटांनी हीटिंगच्या व्हॉल्व्हच्या पुढच्या पाईपला हात लावा. अगदी व्हॉल्व्हला चिकटून नाही, कारण तांब्यातून उष्णता सरकत येते आणि पाणी जात नसलं तरी पहिली वीत गरम लागते. हातभर लांब धरा. तिथे गार असेल तर व्हॉल्व्ह नीट बंद होतोय. तिथेही गरम असेल तर व्हॉल्व्ह गळतोय.

एक फसवं प्रकरण. फक्त पाणी चालू असताना एखादाच रेडिएटर तापतो, पण व्हॉल्व्हच्या पुढचा पाईप मात्र गार. त्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूचे पाईप धरून बघा, रिटर्नच्या (पाणी बॉयलरकडे परत जातं त्या) बाजूने आधी तापत असेल तर पाणी उलटं शिरतंय, म्हणजे सिलिंडरचा रिटर्न चुकीच्या ठिकाणी जोडलाय. असल्या घरात व्हॉल्व्ह कितीही वेळा बदला, काही होणार नाही, पाईपचं काम करावं लागतं.

एस प्लॅनवाल्यांसाठी अजून एक टेस्ट, आणि हीच अडीअडचणीला तात्पुरता उपायसुद्धा. हीटिंगच्या व्हॉल्व्हचा लिव्हर "मॅन" वर नेऊन खाचेत अडकवा आणि प्रोग्रामरवर फक्त गरम पाणी चालू करा. आता बॉयलरला हुकूम पाण्याच्या व्हॉल्व्हच्या स्विचकडून मिळतो, आणि हीटिंगचा व्हॉल्व्ह हाताने उघडा असल्याने रेडिएटरमध्येही पाणी फिरतं. रेडिएटर तापले? मग बॉयलर, पंप सगळं ठीक, दोष हीटिंगच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या मागणीत. सिलिंडर तापून झालं की बॉयलर थांबेल, पण घरात लहान बाळ असेल किंवा आई-बाबा भारतातून आलेले असतील तर पार्ट येईपर्यंत ही रात्र निघते. उलट बाजूने, गरम पाणी येत नसेल तर सिलिंडरच्या इमर्शन हीटरचा (आतल्या विजेच्या हीटरचा) स्विच लावा.

सावधान: नुसता लिव्हर मॅनवर नेला म्हणून बॉयलर चालू होईलच असं नाही, बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये तेवढ्याने मायक्रोस्विच दाबला जात नाही. आणि अनव्हेंटेड सिलिंडरच्या पाण्याच्या व्हॉल्व्हचा लिव्हर मॅनवर अडकवून कधीच ठेवायचा नाही.

५. आता नाव द्या

एवढं झाल्यावर बहुतेक वेळा उत्तर समोर असतं.

व्हॉल्व्ह उघडतो, लिव्हर सैल होतो, पण बॉयलर गप्प: मायक्रोस्विच लागत नाही. (किंवा बॉयलरचाच बिघाड, पण दुसऱ्या व्हॉल्व्हने बॉयलर चालू होत असेल तर तो प्रश्न मिटला.)

सगळं बंद, दोन्ही लिव्हर घट्ट, तरी बॉयलर चालतोच आहे: मायक्रोस्विच चिकटलाय. यात बॉयलर बंद व्हॉल्व्हवर चालत राहतो, त्यामुळे हे उद्यावर टाकू नका, स्पर बंद ठेवा.

व्हॉल्व्ह उघडतच नाही: मोटर, किंवा अडकलेला दांडा, किंवा मागणी. गळतो, म्हणजे पूर्ण बंद होत नाही: बॉडीतला रबरी बॉल झिजलाय, किंवा आत गाळ, किंवा स्प्रिंग थकली. नुसतं हेड बदलून रबरी बॉल बरा होत नाही, आणि लोक नेमकं हेच करतात.

६. वीज तोडून आत बघणं

हे फक्त स्वतःचं घर असेल आणि इलेक्ट्रिकचं काम येत असेल तर. नसेल तर इथवरचं निदान सांगून हीटिंगवाल्या माणसाला बोलवा, त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचेही पैसे.

स्पर बंद करा, त्यातला ३ अँपिअरचा फ्यूज काढून खिशात टाका. कुणी येऊन "स्विच बंद का आहे" म्हणून चालू करू नये म्हणून. मग टेस्टरने खात्री: आधी टेस्टर चालू असलेल्या जागी लावून तो काम करतोय हे बघा, मग व्हॉल्व्हच्या जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक टर्मिनल तपासा, मग परत चालू जागी. काही जुन्या घरांत प्रोग्रामरला वेगळीकडून वीज दिलेली असते, एक स्पर बंद करून सगळं मेलं असं धरून चालू नका.

कव्हर काढण्याआधी आणि नंतर मोबाईलवर फोटो काढा, वायर कुठली कुठल्या टर्मिनलला ते स्पष्ट दिसेल असे. टू-पोर्टला साधारण: तपकिरी म्हणजे मोटरची मागणी, निळी न्यूट्रल, राखाडी कायम लाइव्ह, नारिंगी बॉयलर-पंपाकडे, हिरवी-पिवळी अर्थ. थ्री-पोर्टला तपकिरी नसते, तिच्याऐवजी पांढरी असते, आणि राखाडीचा अर्थही वेगळा. दोन्हीच्या वायरी सारख्या समजून जोडणं ही अगदी नेहमीची चूक.

मोटर तपासायला तिच्या दोन वायरी सोडवून मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा. काही हजार ओहम दाखवले तर कॉइल शाबूत, काहीच दाखवलं नाही तर मोटर जळली. कॉइल शाबूत आणि तरी व्हॉल्व्ह मुका असेल तर मागणी पोचते का हे लाइव्ह तपासावं लागतं, ते जाणकार माणसाकडून.

टू-पोर्टचा मायक्रोस्विच: राखाडी आणि नारिंगी टर्मिनलमधून सोडवा, मीटर कंटिन्युइटीवर. व्हॉल्व्ह बंद असताना बीप नको. आतला दातेरी भाग बोटाने पूर्ण उघड्या बाजूला ढकला, शेवटाला टिक्क होऊन बीप यायला हवी. बंद असतानाही बीप, तर स्विच चिकटलाय. थ्री-पोर्टला ही टेस्ट लागू नाही, त्यात दोन स्विच आणि बाकीचे भाग असतात, तिथे सरळ हेड बदलणं बरं.

७. हेड, मोटर की बॉडी

मोठी मेख इथे आहे: हेड पाणी न काढता निघतं का? हनीवेलच्या व्हॉल्व्हवर कव्हरच्या वर छोटा फुगवटा असेल तर हेड वेगळं निघतं, सपाट असेल तर तो जुना प्रकार, त्यात पाणी काढावं लागतं. बाकी कंपन्यांचं मॉडेल नंबरवरून बघा. खात्री नसेल तर बॉडीच्या पत्र्यावरचे स्क्रू सैल करू नका, त्याच्यामागे थेट सिस्टीमचं पाणी असतं.

हेड काढताना लिव्हर मॅनवर ठेवा, स्क्रू काढा, सरळ वर उचला. आता थांबा आणि नवीन हेड लगेच लावू नका. उघड्या पडलेल्या दांड्याला बोटांनी किंवा छोट्या पक्कडीने हळूच फिरवा. तो थोडाच फिरतो, पूर्ण गोल नाही, पण सहज फिरला पाहिजे. जोर लावावा लागतोय? मग जुनी मोटर यानेच मेली आणि नवीनही यानेच मरेल. हाच तो चेक जो न केल्यामुळे लोक दर हिवाळ्याला नवीन हेड घेतात आणि कंपनीला नावं ठेवतात.

दांडा मोकळा असेल आणि फक्त मोटर गेली असेल तर नुसती मोटर बदलता येते, ती हेडपेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि फक्त दोन वायरी जोडायच्या असतात. व्होल्टेज आणि फिरायची दिशा जुन्या मोटरवर लिहिलेली बघून तीच घ्या. जोड बंद क्रिंप कनेक्टरने करा, चिकटपट्टी गुंडाळून नाही, आत उष्णता असते आणि ती सुटते.

दांडा अडकलाय किंवा व्हॉल्व्ह गळतोय तर बॉडीचं काम. लॉफ्टमध्ये छोटी टाकी असलेल्या सिस्टीममध्ये आधी त्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह वर बांधायचा, खालच्या मजल्यावरच्या ड्रेन कॉकला होज लावून तो बाहेर सोडायचा, मग वरच्या रेडिएटरचे ब्लीड स्क्रू उघडायचे. बांधायला विसरलात तर जेवढं काढाल तेवढं वरून भरत राहील. सीलबंद सिस्टीममध्ये प्रेशर शून्यावर आणून मग काढायचं. बाहेर येणारं पाणी शाईसारखं काळं असेल तर तो रेडिएटरच्या लोखंडाचा गंज, व्हॉल्व्ह त्यानेच अडकला, नुसती बॉडी बदलून भागणार नाही, सिस्टीम धुऊन घ्या. भरताना इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) परत घालायचाच, कारण जुना पाण्याबरोबर गेला. माझं स्पष्ट मत, कम्प्रेशन जॉइंट आधी केलेले नसतील तर हे काम प्लंबरला द्या, एअरिंग कबर्डमधल्या गळतीचं पाणी खालच्या छतातून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

८. कॉम्बी असेल तर

यात हेच काम करणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बॉयलरच्या आत असतो, म्हणून तुम्ही फक्त निदान करायचं. हीटिंग पूर्ण बंद, रेडिएटर गार होऊ द्या. मग स्वयंपाकघरातला गरम नळ पूर्ण सोडून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि बॉयलरच्या सगळ्यात जवळचा रेडिएटर धरून बघा. तो तापायला लागला आणि नळाचं पाणी कोमट, तर डायव्हर्टर नीट वळत नाही. नळाला कडक गरम पाणी पण हीटिंग लावलं तरी रेडिएटर गार, तर तो पाण्याच्या बाजूला अडकल्याचा संशय.

पण रेडिएटर गारच राहिले आणि नळाचं पाणी कधी गरम कधी गार असं येतंय, तर आधी प्लेट हीट एक्स्चेंजरवर (नळाचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरमधल्या भागावर) क्षार बसलेत का ते बघायला सांगा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या जड पाण्यात हे खूप होतं आणि डायव्हर्टर म्हणून खपवलं जातं. इंजिनिअरला फोनवर "डायव्हर्टर बदलून द्या" असं सांगू नका, काय केलं आणि काय दिसलं ते सांगा.

बाहेरच्या भिंतीतून तांब्याचा पाईप टपकतोय ही तक्रारही व्हॉल्व्हची म्हणूनच येते. तो ३ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्या पाईपला बूच मारायचं नाही, कधीच नाही. गेज बघा: थंड असताना ठीक आणि तापल्यावर ३ कडे धावतं, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीतली) हवा गेलीय. थंड असतानाही हळूहळू वर चढतं, तर फिलिंग लूपचा (सिस्टीममध्ये पाणी भरायच्या जोडणीचा) नळ नीट बंद नाही, किंवा भरून झाल्यावर लूप काढायचा राहिलाय. मूळ कारण न काढता नुसता सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला तर नवीनही टपकणार. फक्त हे लक्षात घ्या की एकदा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसतो, त्यामुळे कारण दुरुस्त केल्यावरही तो बदलावा लागू शकतो.

९. बसवून झाल्यावर

कव्हर लावून स्क्रू घट्ट करा, मगच फ्यूज आत. लिव्हर मॅनमधून सोडवून ऑटोवर आणा, हा विसरला जातो आणि मग व्हॉल्व्ह बंदच होत नाही म्हणून परत फोन येतो.

मग चार प्रकारे चालवून बघा: फक्त पाणी, फक्त हीटिंग, दोन्ही, काहीच नाही. प्रत्येक वेळी लिव्हर आणि हातभर लांबचा पाईप, दोन्ही. शेवटच्या वेळी बॉयलर खरंच थांबतो का याची पंप बंद होईपर्यंत थांबून खात्री करा.

बॉडी किंवा जॉइंट उघडला असेल तर प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा. एकदा गरम असताना बघा आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गार झाल्यावर, कारण काही जॉइंट गार झाल्यावरच पाझरतात. गेजचा आकडा रात्री लिहून ठेवा आणि सकाळी ताडून बघा. आणि फोनमध्ये महिन्याची आठवण लावून टाका, मे ते सप्टेंबर, दहा मिनिटं हीटिंग चालू करायचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही हलते राहतात.